कित्तूरचं वस्तुसंग्रहालय: आधी पडका वाडा बघा, मग आत जा

बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरच्या किल्ल्यात दोन गोष्टी शेजारीशेजारी आहेत. एक इथे राज्य करणाऱ्या सरदेसायांचा पडका वाडा, दुसरं राणी चन्नम्मा स्मारक वस्तुसंग्रहालय. बहुतेक लोक गाडीतून उतरले की आधी सावलीत, म्हणजे संग्रहालयात शिरतात. तलवारींसमोरून भराभर पुढे सरकतात, मग उन्हात पडक्या भिंतींपुढे फोटो काढतात आणि ‘काही राहिलं नाही हो बघायला’ म्हणत परत फिरतात. क्रम उलटा केला तर तेच संग्रहालय दीड तास सोडत नाही. कारण साधं आहे. वाड्याचा सांगाडा बाहेर उभा आहे आणि त्याच्या दारंखिडक्या आत ठेवल्या आहेत. भिंतीतली भोकं आधी बघून घेतली असली की आतलं लाकूड कुठे बसत होतं ते डोळ्यांपुढे येतं. नाहीतर ते नुसतं जुनं लाकूडच.

‘राणीच्या वस्तू’ बघायला म्हणून जाऊ नका, निराशा होईल. डिसेंबर 1824 मध्ये राणी चन्नम्माशी झालेल्या लढाईत किल्ला पडला आणि खजिना, दागिने, हत्यारं, जनावरं सगळं इंग्रजांच्या हाती गेलं. पुढे वाड्याचं बरंचसं लाकूडही राहिलं नाही. एवढं झाल्यावर 1967 साली राज्य सरकारच्या पुरातत्त्व खात्याने इथे संग्रहालय उभं केलं. मधल्या जवळजवळ दीडशे वर्षांत जे वाचलं ते, आणि आजूबाजूच्या गावांतून आणलेले दगड, असा हा साठा आहे. तो एका बाईचा नाही, एका मुलखाचा आहे. मुलूखही आपल्या पायाखालचाच: बिडी, नंदगड, खानापूर, संपगाव. आपल्याकडचे बरेच मराठी लोक कित्तूर म्हणजे ‘तिकडचं’ असं धरून सरळ धारवाडला निघून जातात. त्यात नुकसान आपलंच आहे.

इतिहास थोडक्यात, कारण तो माहीत असल्याशिवाय फलक वाचून काही हाती लागत नाही. घराण्याचे मूळ पुरुष हिरेमल्लशेट्टी आणि चिक्कमल्लशेट्टी हे भाऊ, आदिलशाही फौजेतले. गादी आधी संपगावला होती. अल्लप्पगौडा सरदेसाईंनी ती कित्तूरला आणली, आणि हा वाडा त्यांच्या काळातला, 1650 ते 1681 च्या दरम्यानचा. म्हणजे तिकडे रायगड बांधून होत होता त्याच सुमाराचा. पुढे आदिलशाही गेली, सावनूरचे नवाब, पेशवे, टिपू अशी ओढाताण चालली आणि कित्तूर मधल्यामध्ये तगून राहिलं. मल्लसर्जा देसाई पेशव्यांच्या कैदेत पुण्याला होते. तिथून सुटून येताना खंगलेले आणि 1816 मध्ये वारले. चन्नम्मा त्यांची धाकटी राणी, माहेर काकती, म्हणजे बेळगावच्या वेशीवरचं गाव. 1818 मध्ये जनरल मन्रोने बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा कित्तूरकर इंग्रजांच्या बाजूने होते, हे स्मारकाच्या भाषणांत कुणी सांगत नाही. सांगायला हवं. सहाच वर्षांनी त्याच इंग्रजांनी उलटी बाजू दाखवली म्हणून तर पुढची चीड समजते.

आता वाडा.

आत शिरताना लक्षात ठेवायचं की ही इमारत मुळात लाकडाची होती. भिंती भाजीव विटांच्या, मातीत आणि चुन्यात बांधलेल्या, वरून चुन्याचा गिलावा. पण वजन पेलणारे खांब, तुळया, कडीपाट हे सगळं लाकूड. पुण्या-साताऱ्याकडचे वाडे ज्यांनी पाहिलेत त्यांना रचना ओळखीची वाटेल: पूर्वेला तोंड, पुढे खांबांचा मोठा दिवाणखाना, मध्ये उघडा चौक, बाजूला पडव्या, मागे कोठारं, मुदपाकखाना आणि न्हाण्या.

भिंतीजवळ उभे राहा आणि वर बघा. एका ओळीत चौकोनी खाचा दिसतील, त्या तुळयांच्या. खाचांची एक ओळ म्हणजे एक तक्तपोशी, लाकडी छत. खालच्या ओळीपासून वरच्या ओळीपर्यंतचं अंतर म्हणजे मजल्याची उंची. दोन खाचांमधलं अंतर कमी असेल तिथे वर भार जास्त होता, किंवा लाकूड कमी जाडीचं होतं. जमिनीवर बघा. खांबाखालचे दगड, म्हणजे तळखडे, जिथे जागेवर आहेत तिथे माथ्यावर खांबाचं कुसू (टोकाचा खुंट) बसायची खाच असते, आणि तिच्यावरून खांबाची जाडी कळते. दाराच्या दोन्ही अंगांना भिंतीत आडवी खोल भोकं असतील तर ती अडसराची. एका बाजूचं भोक खोल असतं, पूर्ण अडसर आत सरकवून ठेवण्यापुरतं. दुसऱ्या बाजूचं उथळ, टोक अडकण्यापुरतं. हे एवढं मनात ठेवा किंवा मोबाइलवर फोटो काढा. संग्रहालयातल्या चौकटींसमोर त्याचा उपयोग आहे.

वाडा असा का पडला, याचं उत्तर ‘इंग्रजांनी तोफा डागल्या’ एवढंच नाही. अशा बांधकामात तुळया दोन भिंतींना एकमेकींशी बांधून धरतात. लाकूड काढून नेलं की भिंत एकटी उभी राहते. छप्पर गेलं की माथा उघडा पडतो, पावसाचं पाणी वरून भिंतीच्या पोटात उतरतं, आतली माती धुऊन जाते आणि भिंत फुगते. गिलावा आधी पोपडे धरतो, मग एका पावसाळ्यात मोठा पापुद्रा सुटतो. खाचांत पाखरांनी टाकलेलं पिंपळाचं बी रुजतं आणि मुळं विटांचे थर उचलतात. म्हणून पडझड तळाशी कमी आणि माथ्याकडे जास्त दिसते. अशा भिंतींना सिमेंट लावणं हा सगळ्यांत वाईट उपाय. चुना ओल सोडतो, सिमेंट धरून ठेवतं. मग ओल विटेतून बाहेर पडायला बघते आणि सिमेंट तसंच राहून मागची वीट भुगा होते. जुन्या बांधकामात कुठेही राखाडी, कडक, सपाट दुरुस्ती दिसली तर तिच्या कडेची वीट बोटाने न उकरता नुसती बघा. बहुतेक वेळा तीच झिजलेली असते. चुन्याची दुरुस्ती पांढरट-पिवळसर आणि थोडी खडबडीत असते.

न्हाणीघरांचा भाग सगळ्यांत वाचनीय. हौद, पाणी आत आणायचे आणि बाहेर काढायचे नळ, आवारातल्याच विहिरी, अशी सोय इथे आहे. या पद्धतीत पाणी विहिरीतून उंचावरच्या हौदात ओढायचं आणि तिथून उताराने नळात सोडायचं, दुसरी कळ नाही. त्यामुळे उतार हीच खरी कारागिरी. तो फार दिला तर पाणी नळाच्या सांध्यांवर आपटतं आणि चुना निघतो. कमी दिला तर गाळ बसतो. या भागातल्या जड पाण्याने आतून क्षाराचा थर चढत जातो आणि सांध्यातून झाडाची मुळं शिरतात, जुने नळ बंद पडायची ही दोन नेहमीची कारणं. मुलं बरोबर असतील तर त्यांना पाणी कुठून आलं आणि कुठून गेलं हे शोधायला लावा. तलवारींपेक्षा यात जास्त वेळ रमतात.

आणि ध्रुवतारा. वाड्याच्या भिंतीत ध्रुव बघण्यासाठी ठेवलेलं गोल भोक हे कित्तूरचं सगळ्यांत जास्त सांगितलं जाणारं आकर्षण. माणसं भर दुपारी त्याला डोळा लावतात आणि आकाशाचा तुकडा बघून पुढे जातात. दुपारी तारा दिसणार नाही हे उघड आहे, आणि संध्याकाळी आवार बंद होतं, त्यामुळे आजच्या पाहुण्याला इथून ध्रुव दिसायची सोय नाही. पण हिशेब तपासता येतो, आणि तोच मजेचा भाग आहे. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची जवळजवळ त्या जागेच्या अक्षांशाइतकी असते. कित्तूरचा अक्षांश सुमारे 15.6 अंश, म्हणजे नजर उत्तरेकडे आणि साडेपंधरा अंश वर जायला हवी. भिंत 3 फूट जाड धरली तर भोकाचं बाहेरचं तोंड आतल्या तोंडापेक्षा साधारण 10 इंच वर पाहिजे. मोबाइलमधलं होकायंत्र आणि लेव्हल वापरून हे कुणालाही बघता येतं. मात्र होकायंत्र लोखंडी कठड्याजवळ धरू नका, काटा भरकटतो. आणखी एक. वाडा बांधला तेव्हा ध्रुव खऱ्या उत्तर बिंदूपासून अडीच अंशांच्या आसपास दूर होता, आज एक अंशाहूनही कमी. त्यामुळे तेव्हा तो रात्रभरात आजच्यापेक्षा मोठं वर्तुळ फिरायचा. अगदी अरुंद नळीतून निसटला असता, रुंद भोकात राहिला असता. भोक कशासाठी होतं, वेळ बघायला, व्रताला की हौसेला, यावर गाइड लोक ठामपणे बोलतात. ऐकून घ्यावं.

यानंतर संग्रहालय. फलक कन्नड आणि इंग्रजीत आहेत, मराठी नाही. कन्नड येणारं माणूस बरोबर असेल तर उत्तमच. नसेल तर तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. बेळगाव भागात मोडकंतोडकं का होईना, मराठी समजणारं कुणीतरी निघतंच.

पहिली चौकटींकडे जा. दार बिजागरीवर नसून कुसवावर फिरणारं आहे का, ते बघा. फळीच्या एका कडेला वर आणि खाली लाकडी खुंटासारखं कुसू काढलेलं असतं, ते चौकटीच्या भोकात फिरतं. खालचं भोक एका बाजूला झिजून लांबट झालं असेल तर ते दार रोजच्या वापरातलं होतं. गोल राहिलं असेल तर फारसं उघडत नसावं. चौकटीच्या वरच्या आडव्या पट्टीच्या मध्यभागी काय कोरलंय ते बघा. आपण सवयीने गणेशपट्टी म्हणतो, पण हे घराणं लिंगायत, त्यामुळे तिथे गणपतीच असेल असं धरून चालू नये. कोरीवकाम हाताचं आहे याची खूण म्हणजे डावी-उजवी वेल अगदी सारखी नसते, एखादं पान इकडे मोठं, तिकडे लहान. लाकडाचा जमिनीकडचा तळ बघा, तिथे रंग बदललेला आणि रेषा उघड्या पडलेल्या असतात, ओलीने. वाळवीची खूण भोकांत नाही, तर पृष्ठभागाला समांतर पोकळ झालेल्या पट्ट्यांत असते. भोकं पाडतो तो भुंगेरा. दोघांचे उपाय वेगळे, म्हणून जुनं दार घरी असलेल्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

मग मघाशी काढलेला फोटो उघडा. अडसराची खोली, दाराची रुंदी, मजल्याची उंची. कुठली चौकट कुठल्या दालनाची, हे नेमकं जुळवता येईलच असं नाही. पण मोठी, जाड, कमी कोरीव चौकट बाहेरच्या बाजूची आणि अरुंद, नाजूक कोरीव चौकट आतल्या दालनाची, एवढा अंदाज बांधता येतो. मांडणीत एकच गोष्ट सुचवावीशी वाटते. प्रत्येक चौकटीशेजारी वाड्याचा छोटा नकाशा लावून त्यावर एक लाल ठिपका दिला, तर निम्मे पाहुणे पुन्हा बाहेर जाऊन भिंती बघून येतील. मूळ वाड्याची हुबेहूब प्रतिकृती उभारायची चर्चा अधूनमधून होते. तिच्या खर्चाच्या एका कोपऱ्यात हे बसेल.

हत्यारांसमोर गर्दी असते, पण लोक लांबी आणि वजनावरच बोलतात. तलवारीत दोन गोष्टी बघा. पातं सरळ की वाकडं, आणि पात्यावर लांबट खोल नाळी आहेत का. सरळ, नाळीदार पातं बऱ्याचदा परदेशी असायचं, गोव्यामार्गे किंवा किनाऱ्याच्या बंदरांतून आलेलं, आणि मूठ इथल्या लोहाराने चढवलेली. त्याला फिरंग म्हणत. कित्तूरहून गोव्याचा घाट जवळ, हेही ध्यानात घ्या. मूठ हाताला लहान वाटते, ती बघणाऱ्याची चूक. ही तलवार मनगटाने नाही, खांद्यापासून ओढून मारायची. मुठीत हात घट्ट बसला तरच ते साधतं.

बंदुकीत घोडा कुठे पडतो ते बघा. तोड्याच्या बंदुकीत वाकड्या चिमट्यात पेटती जामगी, म्हणजे वात, धरलेली असते, ती थेट कानातल्या, म्हणजे नळीच्या भोकाजवळच्या वाटीतल्या, दारूवर टेकते. चकमकीच्या बंदुकीत चिमट्यात गारगोटी असते आणि समोर उभी पोलादी पट्टी, तिच्यावर घासून ठिणगी पडते. 1824 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पायदळाकडे चकमकीच्या बंदुका होत्या. सरावलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढायचा. तोड्याची बंदूक त्याहून बरीच मंद, शिवाय जामगी सतत पेटती ठेवावी लागते आणि रात्री तिचा निखारा लांबून दिसतो. उलट तिची नळी लांब, त्यामुळे तटाच्या आडोशाने, नेम धरून मारायला ती चांगली. 

चिलखत असेल तिथे जवळ जाऊन कड्या बघा. लढाईच्या चिलखतात कडीची दोन टोकं चपटी करून एकमेकांवर ठेवतात आणि बारीक खिळ्याने रिबिट मारतात. टोकं नुसती एकमेकांना भिडवलेली असली तर भाल्याच्या टोकाने कडी उघडते, असली चिलखतं उत्तरकाळात मिरवायलाही बनत. काचेवर चकाकी येते म्हणून मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा आणि काचेला तिरकं उभं राहा.

दगडांचा भाग लोक ओलांडून जातात. तिथे वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांचे स्मृतिदगड आहेत, आणि वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या पट्टीत लढाई: घोडेस्वार, धनुर्धारी, कधी पळवून नेलेल्या गाई. मधल्या पट्टीत वीराला अप्सरा वर नेतात. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती राहो. गाई दिसल्या तर गुरं सोडवताना मेलेला गावचा माणूस, राजाचा सरदार नव्हे. कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात स्वतंत्र कोरलेला असेल तर सतीचा दगड. आपल्या गावच्या मारुतीच्या देवळामागे असे दगड शेंदूर फासून ठेवलेले असतात. इथे ते स्वच्छ बघायला मिळतात, तेव्हा इथे शिकून घ्या आणि गावी जाऊन वाचा.

मूर्तींत सूर्य ओळखायला सोपा. दोन्ही हातांत उमललेली कमळं, पीठावर सात घोडे. उत्तरेकडच्या सूर्याच्या पायात उंच बूट असतात, दक्षिणेतला अनवाणी. विष्णू समोर आला की हातांचा क्रम बघा, त्यावरून नाव ठरतं. उजव्या खालच्या हातापासून सुरू करून घड्याळाच्या काट्याप्रमाणे पद्म, शंख, चक्र, गदा असेल तर केशव. क्रम बदलला की नाव बदललं, अशी 24 रूपं आहेत. मूर्तीचा हात मोडलेला असेल तर अंदाज थांबवा, फलकावर नुसतं ‘विष्णू’ लिहिलेलं असतं ते प्रामाणिकपणाचं लक्षण समजा.

शिलालेखांकडे वळताना एक नाव लक्षात ठेवा: वॉल्टर इलियट. 23 ऑक्टोबर 1824 ला धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे तोफखाना घेऊन कित्तूरच्या दारात आला. दार उडवायची तयारी चालू असतानाच आतून फौज बाहेर पडली. थॅकरे गोळी लागून मेला, अमटूरच्या बाळप्पाने ती मारली असं सांगतात. तोफखान्याचे अधिकारीही पडले. थॅकरेचे दोन सहायक, इलियट आणि स्टीव्हन्सन, कैद झाले. डिसेंबरात त्यांना सुखरूप सोडलं, तरी इंग्रज फौज आलीच आणि किल्ला पडला. हा इलियट तेव्हा 21 वर्षांचा. पुढे त्यानेच या मुलखातल्या जवळजवळ सहाशे शिलालेखांच्या नकला करवून घेतल्या आणि चालुक्यांचा सलग इतिहास पहिल्यांदा मांडला. कित्तूरचा कैदी कर्नाटकाच्या पुराभिलेखांचा पाया घालतो, ही गोष्ट या संग्रहालयात मोठ्या अक्षरांत असायला हवी.

गाइड लोकांचं एक वाक्य मात्र तपासून घ्या: ‘डलहौसीच्या खालसा धोरणाविरुद्धची पहिली लढाई.’ डलहौसी हिंदुस्थानात आला 1848 मध्ये. 1824 मध्ये गादीवरचे शिवलिंगरुद्र सर्जा वारले, दत्तकाला कंपनीने मान्यता नाकारली आणि खजिन्यावर पहारे बसवायला निघाली, हे खरं. पण त्याला धोरणाचं नाव नंतर मिळालं. उलट यामुळे कित्तूरचं महत्त्व वाढतं. झाशीच्या 33 वर्षं आधी हाच प्रश्न इथे तलवारीवर आला होता.

जाण्यायेण्याचं. बेळगावहून पुणे-बेंगळुरू महामार्गाने पन्नासेक किलोमीटर. हिरेबागेवाडीचा टोलनाका लागतो, मग एम. के. हुबळीला मलप्रभा ओलांडली की थोड्या वेळात कित्तूर. महामार्गावर राणीचा घोड्यावरचा पुतळा हीच वळायची खूण. बसने जाणाऱ्यांनी चढतानाच कंडक्टरला विचारावं. हुबळी-धारवाडच्या नॉनस्टॉप गाड्या गावात शिरत नाहीत, आणि महामार्गावर उतरलात तर ऊन डोक्यावर घेऊन चालावं लागतं. ‘कित्तूर स्टँडला जाते काय?’ एवढंच विचारायचं. कर्नाटकाच्या पत्त्याचं आधार कार्ड असलेल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही, तेव्हा कार्ड पर्समध्ये असू द्या. कोल्हापूर-सांगलीकडच्या पाहुण्या असतील तर त्यांचं मात्र तिकीट निघतं.

सोमवारी संग्रहालय बंद. सरकारी सुट्टीला जायचं असेल तर आधी चौकशी करून निघा. सकाळी दहाच्या सुमारास पोचून आधी वाडा, उन्हं चढली की आत संग्रहालय, हा क्रम हवेच्या दृष्टीनेही बरा. दोन्ही मिळून तीन तास धरा. तटाच्या कडेने आणि खंदकाकडे फिरायचं असेल तर आणखी तास. जून ते सप्टेंबर आवार हिरवंगार असतं, पण पायऱ्यांवर शेवाळ आणि भिंतींखाली सैल विटा, म्हणून भिंतीला टेकू नका आणि गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोत. गुडघे दुखणाऱ्यांना संग्रहालय ठीक, वाड्याची जोती उंचसखल आहेत, काठी न्या. 23 ते 25 ऑक्टोबर कित्तूर उत्सव असतो. मिरवणूक, कुस्त्या, रोषणाई बघायला जरूर जा, पण तेव्हा संग्रहालय नीट बघून होईल ही आशा सोडा.

जेवायला गावातल्या खानावळीत ज्वारीची भाकरी, एणगाई (भरली वांगी), शेंगाचटणी आणि ताक. एवढं पोटभर होतं. तिखट कमी हवं असेल तर आधी सांगा, नंतर सांगून उपयोग नाही.

परतताना महामार्ग टाळता आला तर टाळा. कित्तूरपासून पाच-सहा किलोमीटरवर देगावचं कमलनारायण मंदिर आहे, गोव्याच्या कदंब घराण्यातल्या शिवचित्त पेर्माडीच्या राणीने, कमलादेवीने बाराव्या शतकात बांधवलेलं, कारागीर तिप्पोज. संग्रहालयात दगड बघून डोळा तयार झालेला असतो, तेव्हा अर्धा तास इथेच घालवणं शहाणपणाचं. तिथून बिडी, मग नंदगड. चन्नम्मांचा शिलेदार संगोळी रायण्णा याने 1830 मध्ये याच पट्ट्यातल्या सरकारी कचेऱ्या जाळल्या, आणि 1831 च्या 26 जानेवारीला त्याला नंदगडला फाशी दिली. तिथल्या वडाला आजही लोक नवसाचे पाळणे बांधतात. हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर याच बाजूला पडतं. ते धरायचं असेल तर कित्तूरहून एकच्या आत निघा, नाहीतर खानापूरला पोचेपर्यंत अंधार होतो. चन्नम्मांची समाधी उलट्या दिशेला, बैलहोंगलला, जिथे त्या कैदेत 1829 मध्ये वारल्या. एका दिवसात दोन्ही बाजू करायला जाऊ नका, धड एकही होत नाही.